तोंडावरचा हात आणि रॉकची सोंगं

(सामुदायिक रेडिओवर दुपारच्या कार्यक्रमात झालेलं बोलणं, छापण्यासाठी थोडं नीट करून.)

शहापूर, किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे, म्हसा, जिथे जिथे आमचा आवाज पोचतोय तिथल्या सगळ्या गटांतल्या बायांना नमस्कार. दुपारची भाकरी झाली असेल. भांडी घासून झाली असतील किंवा तशीच पडली असतील. राहू द्या घटकाभर. आज आपल्याला गाण्याविषयी बोलायचंय, आणि तेही साता समुद्रापलीकडच्या गाण्याविषयी.

झालं असं की मागे नाचणीच्या रोपांवरचा कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी आम्ही एक इंग्रजी गाणं अर्धा मिनिट वाजवलं. त्यात ढोल नाही, पेटी नाही. नुसते पाय आणि टाळी. धप धप टाळी, धप धप टाळी. लगेच फोन आले. एक भाऊ म्हणाले, “बायांच्या कार्यक्रमात हा काय धिंगाणा?” एका आजीने मात्र नातवाकडून निरोप पाठवला, की गौरीच्या नाचाला आम्ही असेच पाय मारतो, ते गाणं परत लावा. आजीचा निरोप आम्ही मनावर घेतला. त्या भाऊंनाही उत्तर मिळेल, त्यांनीही ऐकावं.

आम्ही पाचजणी इथे बोलतो. त्यातल्या तिघींची शाळा दहावीच्या आत सुटलेली. या गाण्यातलं एक अक्षर आम्हाला कळत नव्हतं. एकीची लेक कॉलेजात जाते. एकदा रेकॉर्डिंगच्या वेळी वीज गेली, तेव्हा बसल्या बसल्या तिने मोबाइलवर आम्हाला एक जुना कार्यक्रम दाखवला. मैदानात माणसांचा समुद्र. स्टेजवर मिशावाला एक माणूस, अंगात पांढरा गंजीफ्रॉक, हातात माइकची अर्धीच काठी. ती काठी तो कधी भाल्यासारखी धरतो, कधी मुसळासारखी, कधी वीणेसारखी. आमच्यातली एक मोखाड्याची माहेरवाशीण. ती पटकन म्हणाली, “अगं, हा तर बोहाड्यातला सोंगाड्या दिसतोय!” तिचं म्हणणं आम्ही हसण्यावारी नेलं. पण जितकं ऐकत आणि विचारत गेलो, तितकी ती बरोबर ठरत गेली. तेव्हापासून आम्ही पाचही जणी या माणसाच्या नादी लागलोय. घरचे हसतात. हसू देत.

हा माणूस म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, क्वीन नावाच्या इंग्लंडमधल्या बँडचा गायक. बँड म्हणजे वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचा ताफा. पण त्याचं खरं नाव फरोख बलसारा. पारशी घरातला मुलगा. आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यात डहाणू-बोर्डीकडे पारशी-इराण्यांच्या चिकूच्या वाड्या आहेत, तोच हा समाज. बलसारा हे आडनाव बलसारवरून, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलं. बोर्डीच्या पुढे गुजरातेत शिरलं की रेल्वेने फार लांब नाही. त्याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, आफ्रिकेजवळच्या झांजिबार बेटावरचा. वडील तिथे इंग्रज सरकारच्या नोकरीत होते. आठ वर्षांच्या या पोराला आईबापांनी बोटीने मुंबईला आणि तिथून पाचगणीला धाडलं, सेंट पीटर्स शाळेत, वसतिगृहात. आश्रमशाळेत लेकरू सोडून येताना आईच्या पोटात काय कालवतं ते तुम्हाला सांगायला नको. इथे तर मधे समुद्र होता.

म्हणजे ज्याच्या गाण्यांवर अख्खी दुनिया नाचली, त्याने पियानोचे धडे घेतले ते आपल्या सातारा जिल्ह्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर. फ्रेडी हे नावही त्याला तिथल्या पोरांनीच दिलं. आणि दुसरं एक नावही दिलं. त्याच्या वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर यायचे. पोरं त्याला ‘बकी’ म्हणून चिडवायची, म्हणजे दातऱ्या. तो लाजायचा. मोठेपणी, जगभर नाव झाल्यावरसुद्धा, हसताना त्याचा हात तोंडावर जायचा किंवा ओठ दातांवर ओढला जायचा. पैसा आला तरी त्याने दात काढून घेतले नाहीत. आवाज बदलेल अशी भीती त्याला वाटायची.

हे ऐकलं तेव्हा आम्ही पाचजणी गप्प झालो. कारण आम्ही रेकॉर्डिंगला गावोगाव जातो तेव्हा रोज काय बघतो? बाई भाताच्या बियाण्यावर, पाण्याच्या टाकीवर, गटाच्या हिशोबावर चुरूचुरू बोलत असते. माइक पुढे केला की पदर तोंडावर. “ताई, आवाज घ्या पण नाव नका सांगू.” एकीने आम्हाला अर्धा तास ओव्या ऐकवल्या आणि शेवटी म्हणाली, हे घरी ऐकू आलं तर माझं काही खरं नाही, पुसून टाका. आम्ही तिच्यासमोर पुसल्या. त्या ओव्या आता कुठेच नाहीत.

तर पाचगणीत बारा-तेरा वर्षांचा असताना फरोखने चार मित्रांबरोबर बँड काढला. नाव हेक्टिक्स. एकाने चहाच्या लाकडी खोक्याला काठी आणि दोरी लावून त्याचंच वाद्य केलेलं, त्यातून घुमणारा जाड सूर निघायचा. आपल्याकडचं तुणतुणं आठवा, तीच युक्ती, फक्त खोकं मोठं. त्या मुलांतला एक पुढे नेपाळच्या सैन्यात मोठा अधिकारी झाला, एकाने पुण्यात हॉटेल चालवलं. आणि गंमत बघा, या बँडचा मुख्य गायक फरोख नव्हता. गायचा दुसराच. फरोख मागे पियानोवर. पण पियानोवर बसला की हा लाजरा पोरगा बदलून जायचा, असं त्याचे ते मित्र पुढे सांगत.

१९६३ मध्ये तो झांजिबारला परतला. पुढच्याच वर्षी तिथे क्रांती झाली, माणसं मारली गेली, आणि हे कुटुंब चार सुटकेस घेऊन निघतात तसं निघून इंग्लंडला गेलं. तिथे फरोखने चित्रकलेचं शिक्षण घेतलं. शिकता शिकता विमानतळावर सामान उचलण्याचं कामही केलं. पुढे लंडनच्या एका बाजारात त्याने आणि त्याच्या मित्राने जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. भांड्यावर जुने कपडे घेणाऱ्या बाया आपल्या दारी येतात ना, तो माल शेवटी असल्याच बाजारात जातो. जुन्या कपड्यांतून काय झळकतं, काय लांबून उठून दिसतं, याची नजर त्याला त्या गाळ्यावर आली असणार, असं आमचं मत.

१९७० मध्ये क्वीन बँड सुरू झाला. चौथा गडी पुढच्या वर्षी मिळाला. ब्रायन मे गिटार वाजवणार, रॉजर टेलर ड्रम, जॉन डीकन जाड सुराची बेस गिटार आणि फ्रेडी गाणार. ब्रायनच्या गिटारीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दुकानातली गिटार परवडेना म्हणून त्याने आणि वडिलांनी ती घरीच बनवली. मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं, त्याला किडीची भोकं, ती काड्यापेटीच्या काड्यांनी बुजवली. स्प्रिंगा मोटारसायकलच्या. दांडीच्या टोकाला विणकामाची सुई. आणि मानेवरचे पांढरे ठिपके म्हणजे आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं! आई स्टेजवर कधी आली नाही, पण तिची बटणं जगभर फिरली. ब्रायन अजूनही तीच गिटार वाजवतो. हाच माणूस पुढे साठीच्या उंबरठ्यावर आकाशातल्या धुळीचा अभ्यास पुरा करून डॉक्टरेट झाला. अर्धवट राहिलेली दहावी या वयात कशाला, असं कुणी म्हणालं तर त्याला ब्रायनचं नाव सांगा.

आता रॉक म्हणजे काय, हे थोडक्यात. विजेवर वाजणाऱ्या गिटारी, ड्रमचा ठेका आणि मोकळ्या गळ्याने गाणं. याचं मूळ अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्यात आहे. कापसाच्या शेतात राबताना म्हटलेली, देवळात म्हटलेली गाणी. आपण जात्यावर म्हणतो, लावणीच्या वेळी चिखलात म्हणतो, तशीच ती. आणि यात बाया मागे नव्हत्या. सिस्टर रोझेटा थार्प नावाची काळी बाई विजेची गिटार घेऊन देवाची गाणी गायची, तेव्हा रॉक हे नावही रूढ नव्हतं. बिग मामा थॉर्नटन हिने १९५२ मध्ये एक गाणं रेकॉर्ड केलं. तेच गाणं चार वर्षांनी एल्विस प्रेस्ली या गोऱ्या तरुणाने गायलं आणि जग त्याच्यामागे वेडं झालं. बीज कुणी पेरलं आणि पीक कुणाच्या खळ्यात पडलं, हे शेतात राबणाऱ्या बाईला समजावावं लागत नाही.

सत्तरच्या दशकात या गाण्याला नाटकाची जोड मिळाली, आणि आमचा जीव अडकला तो तिथेच. अमेरिकेतला ॲलिस कूपर गळ्यात जिवंत साप घालून यायचा आणि शेवटी स्टेजवर त्याचं मुंडकं उडवल्याचा देखावा व्हायचा. किस नावाच्या बँडची चौघं पोरं तोंडाला काळापांढरा रंग फासायची, एकजण मांजर, एकजण राक्षस. डेव्हिड बोवीने झिगी स्टारडस्ट नावाचं सोंग घेतलं, जणू परग्रहावरून आलेला गवई. लाल केस, चमचमते कपडे. दीडेक वर्षाने, ३ जुलै १९७३ रोजी, भर कार्यक्रमात त्याने सांगितलं की हा आपला शेवटचा खेळ. लोक रडले. बोवी मात्र पुढे चाळीसहून जास्त वर्षं गात राहिला. शेवट झाला होता तो फक्त सोंगाचा. पिंक फ्लॉइड नावाच्या बँडने तर गाणी चालू असताना स्टेजवर पुठ्ठ्याच्या विटांची भिंत रचत नेली, ती इतकी उंच की शेवटी गाणारेच दिसेनासे झाले, आणि मग ती भिंत पाडली.

पेपरवाल्यांनी तेव्हा याला थिल्लरपणा म्हटलं. गाणं येत नाही म्हणून सोंगं करतात म्हणे. आम्हाला हे पटत नाही. जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा ज्यांनी पाहिलाय त्यांनाही पटणार नाही. रात्रीची वेळ, टेंभे पेटलेले, संबळ कडकडतोय. आधी गणपती येतो, सारजा येते, मग एकेक सोंग. लाकडाचा किंवा कागदाच्या लगद्याचा मोठा मुखवटा. आतला माणूस आपल्याच पाड्यावरचा, काल त्याने आपल्याकडून उसना फावडा नेलेला असतो. पण मुखवटा चढला की तो नरसिंह. म्हाताऱ्या बाया त्याच्या पाया पडतात, पोरं आईच्या मागे लपतात. संबळ नसेल तर मुखवटा नुसतं लाकूड आहे, आणि मुखवटा नसेल तर संबळाला अंगावर काटा येत नाही. गाणं आणि सोंग ही एकाच गाडीची दोन बैलं.

यात एक साधा हिशोबही आहे. मैदान जितकं मोठं, तितकं शेवटच्या माणसाला तोंड दिसत नाही. म्हणून बोहाड्याचा मुखवटा माणसाच्या तोंडाहून मोठा असतो आणि चाल दोन पावलं पुढे, दोन मागे अशी ठळक असते. फ्रेडीने हेच केलं. एक हात सरळ आभाळात, पाय रोवलेले, मान मागे. लांबून बघणाऱ्याला डोळे दिसत नाहीत, पण तो आकार दिसतो. त्याचा एक पांढरा चुणीदार झगा होता, हात पसरले की पंख उघडल्यासारखे वाटायचे. तो शिवणाऱ्या बाईने, झँड्रा ऱ्होड्सने, तो मुळात नवरीच्या पोशाखाच्या घाटणीवर केला होता. आणि ती अर्धी काठी? सुरुवातीच्या दिवसांत एका कार्यक्रमात माइकचा स्टँड मधेच निखळला, तो तसाच घेऊन गायला आणि पुढे तीच त्याची ओळख झाली, असं सांगतात. मोडलेल्या वस्तूचं काय करायचं हे ज्याला सुचतं तो खरा.

१९७५ मध्ये क्वीनने ‘बोहेमियन रॅप्सडी’ नावाचं गाणं काढलं. तमाशात गण, गौळण, बतावणी, वग असं एकामागून एक बदलत जातं ना, तसं हे एकच गाणं चारपाच रूपं बदलतं. आधी एक पोरगा आपल्या आईला कबुली देतो की हातून माणूस मेला. इथे नुसता पियानो. मग गिटार रडते. मग एकदम जुन्या युरोपातल्या संगीत नाटकासारखा कोरस, जणू न्यायसभा भरलीय, एक बाजू सोडा म्हणते, दुसरी सोडत नाही. मग धडाधड वाजतं, आणि शेवटी सगळं शांत होऊन वाऱ्यावर सुटतं. कोरसमध्ये शेकडो माणसं गात असल्यासारखी वाटतात. गाणारे तिघेच होते. एकदा गायचं, त्यावर परत गायचं, त्यावर परत. टेपवर टेप चढवून ती पट्टी इतकी झिजली की आरपार दिसायला लागली. नुसत्या त्या मधल्या तुकड्याला आठवडे गेले.

गाणं झालं जवळपास सहा मिनिटांचं. तेव्हा रेडिओवर तीन मिनिटांची गाणी लागायची. कंपनी म्हणाली, कापा. बँड म्हणाला, एक सेकंद कापणार नाही. मग लंडनच्या रेडिओवर बोलणाऱ्या केनी एव्हरेट नावाच्या मित्राकडे एक प्रत गेली. त्याने शनिवार-रविवार दोन दिवसांत ते चौदा वेळा वाजवलं. सोमवारी लोक दुकानात गाणं मागायला उभे, आणि रेकॉर्ड अजून बाजारात आलेलीच नाही! पुढे ते इंग्लंडात सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. ही गोष्ट सांगताना आमची छाती जरा फुगते. अखेर काम रेडिओनेच केलं की नाही?

आता आजीचं धप धप टाळीचं गाणं. ते १९७७ चं, ब्रायनने केलेलं. कार्यक्रम संपल्यावर एकदा लोकच बँडसाठी गायला लागले. तेव्हा ब्रायनला वाटलं, दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांना काय करता येईल? हलायला जागा नाही, पण पाय आपटता येतात, टाळी वाजवता येते, गाता येतं. बस, तेवढ्यावरच गाणं. जुन्या चर्चच्या जागेतल्या स्टुडिओत फळ्या टाकल्या आणि चारदोन माणसांनी त्यावर पाय आपटले. तेच पुन्हा पुन्हा भरलं. प्रत्येक वेळी आवाज जरासा मागे-पुढे ठेवला, म्हणजे वेगवेगळ्या अंतरावरून माणसं पाय मारतायत असं कानाला वाटतं. मैत्रिणींनो, हे आम्ही करून पाहिलं. समाजमंदिराच्या फरशीवर मजा येत नाही, आवाज बसका येतो. शाळेच्या जुन्या लाकडी बाकांच्या फळ्या उलट्या टाकल्या तर छान घुमतं. बाराजणी पुरतात. पायात जोडवी असली तर आणखी एक बारीक किणकिण मिळते, ती क्वीनकडे नव्हती.

आणखी एक गाणं आहे, १९८४ चं, जॉन डीकनने लिहिलेलं. मोकळं व्हायचंय, एवढंच त्याचं म्हणणं. त्याच्या व्हिडिओत हे चारही बाप्ये बायांचे कपडे घालून घरात आहेत. फ्रेडी मिशीसकट, छोटा घागरा घालून केर काढायचं मशीन फिरवतोय. इंग्लंडात लोक पोट धरून हसले. त्यांच्याकडच्या एका टीव्ही मालिकेची ती नक्कल होती. अमेरिकेत मात्र पुष्कळांना रुचलं नाही. आम्हीही आधी हसलो. मग एकीने विचारलं, “बाप्याने लुगडं नेसलं की सोंग, लोक टाळ्या वाजवतात. आपण रोज नेसून केर काढतो त्याला काय म्हणायचं?”

ती मस्करीत म्हणाली, पण प्रश्न राहिलाच. बोहाड्यात देवीचं सोंग बाप्याच घेतो. जुन्या संगीत नाटकात बालगंधर्वांची साडी कशी, नथ कशी, हे बघून घरंदाज बाया फॅशन करायच्या, आणि त्याच काळात त्या बायांनी स्टेजवर जायचं नाव काढायची सोय नव्हती. तमाशात बाया आल्या, पण त्यांनी त्याची किंमत मोजली. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पोटुशी असताना वग चालू, मधेच कळा सुरू झाल्या, राहुटीत बाळंत झाल्या आणि पोट बांधून परत बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. पुढे राष्ट्रपतींच्या हस्ते मान मिळाला, आणि म्हातारपणी पैशाची ओढाताण सुटली नाही. म्हशाच्या जत्रेत तमाशाच्या तंबूला गर्दी होते. पण तंबूतल्या बाईला आपल्या घरी पाणी विचारणारे किती, हे आपलं आपल्याला माहीत. फ्रेडीला मुखवटा मिळाला, तो काढून ठेवायला घरही मिळालं. बाईने एकदा मुखवटा घातला की गाव तो तिला काढू देत नाही.

१३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानात इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी मोठा कार्यक्रम झाला. मोबाइलवर आम्ही पाहिला तो हाच. समोर बहात्तर हजार माणसं. क्वीनला वाट्याला आली जेमतेम वीस-एकवीस मिनिटं. इतर मोठमोठे आले आणि सवयीने गाऊन गेले. क्वीनने आधी काही दिवस एक नाटकाचं थिएटर घेऊन घड्याळ लावून तालीम केली होती. कुठलं गाणं कुठे कापायचं, दोन गाण्यांमधे किती श्वास घ्यायचा, सगळं. आणि मधेच फ्रेडी वाद्यं थांबवून नुसता आवाज टाकतो, शब्द नाही, हेल. मैदान तो तसाच परत देतं. तो लांबवतो, मैदान लांबवतं. वर चढवतो, मैदान चढतं. आपल्याकडे लग्नात धवलारीण धवला उचलते आणि मागच्या बाया तो झेलतात, अगदी तसंच. त्या क्षणी ती बहात्तर हजार माणसं बघणारी राहात नाहीत, गाणारी होतात. तोंडावर हात नेणारा पाचगणीचा पोरगा तो हाच का, असं वाटतं. खासगीत तो लाजराच राहिला, असं त्याची जवळची माणसं सांगत आली.

एक गोष्ट मात्र आम्हाला खटकते. पाचगणी, मुंबई, आपलं पारशीपण याविषयी तो जाहीरपणे फारसं बोलला नाही. त्या काळच्या इंग्लंडात सावळ्या माणसाचे हाल व्हायचे, हे समजतं. तरी वाटतं, एकदा बोलला असता.

आणि दुसरी गोष्ट त्याने लपवली ती आजाराची. १९८७ च्या सुमारास त्याला एचआयव्ही असल्याचं कळलं. वर्तमानपत्रवाले दारात बसायचे, तो नाकारत राहिला. अंग वाळत गेलं तरी गात राहिला. १९९१ च्या मेमध्ये त्याने शेवटचा व्हिडिओ केला, तो काळापांढरा ठेवला, म्हणजे आजारपण कमी दिसावं. तो माणूस तिथे जवळजवळ हलतच नाही. तोंडाला जाड रंग. आयुष्यभर सोंगं केली, आणि शेवटचं सोंग धडधाकट माणसाचं. २३ नोव्हेंबरला त्याने पत्रक काढून आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी गेला. पंचेचाळीस वर्षांचा होता. अंत्यविधीला पारशी धर्मगुरूंनी प्रार्थना म्हटल्या.

तेव्हा या आजारावर धड औषध नव्हतं. परिणामकारक गोळ्या पाच वर्षांनी, १९९६ च्या सुमारास आल्या. आज परिस्थिती वेगळी आहे, आणि हे आम्ही मुद्दाम सांगतोय कारण आपल्या दोन्ही तालुक्यांत अजूनही लोक दारं लावून बसतात. सरकारी दवाखान्यात आयसीटीसी म्हणून केंद्र असतं, तिथे तपासणी फुकट आणि गुप्त. एआरटीच्या गोळ्याही फुकट. रोज न चुकता घेतल्या तर माणूस काम करतो, पोरं वाढवतो, म्हातारा होतो. गरोदरपणी वेळेवर तपासणी आणि औषध झालं तर बाळाला आजार जाण्याचा धोका अगदी कमी राहतो. एका ताटात जेवल्याने, एका विहिरीवर पाणी भरल्याने तो होत नाही. २०१७ च्या कायद्याने या आजारापायी कुणाला नोकरीवरून, शाळेतून, दवाखान्यातून हाकलता येत नाही. विचारायचं असेल तर १०९७ हा फुकटचा नंबर आहे. नाव सांगावं लागत नाही.

आमच्या ओळखीची एक बाई मुलीला घेऊन माहेरी परतली. नवरा याच आजाराने गेला. सासरी तिचा पेला वेगळा ठेवला होता, अंगणात, उपडा. ती आता गोळ्या घेते, भात लावते, गटाचा हिशोब लिहिते. तिच्याच लेकीने आम्हाला धप धप टाळीचं गाणं पहिल्यांदा ऐकवलं. हे सांगायला तिने आम्हाला हो म्हटलंय. नाव मात्र नाही. नाव कधी सांगायचं ते ती ठरवेल.

आता कामाचं. येत्या ८ मार्चला आम्ही पायांचं आणि टाळ्यांचं आपलं स्वतःचं गाणं बसवतोय. शब्द प्रत्येक गटाने आपापले आणायचे, पाण्यावर आणा, रेशनवर आणा, सासूवर आणलेत तरी चालेल. पुढच्या तीन मंगळवारी दुपारी तीन वाजता तालीम आहे. ज्यांना तोंड दाखवायचं नाही त्यांच्यासाठी आमची मोखाड्याची मैत्रीण कागदाच्या लगद्याचे मुखवटे करून देणार आहे, ती भावाकडून शिकून आलीय. जुनी वर्तमानपत्रं आणि मेथीचं पीठ घेऊन या. फळ्या आम्ही आणतो.